बायनरी सर्च: टाइप करण्याआधी वहीत चालवून बघा

पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला मुलं आल्या आल्या कीबोर्डकडे वळतात. मी आधी वही काढायला लावते. ड्राय रनची, म्हणजे प्रोग्राम कागदावर हाताने चालवून बघायची, सवय लागायची तर बायनरी सर्चसारखा प्रोग्राम नाही. क्रमाने लावलेल्या यादीतली मधली संख्या बघायची आणि दर वेळी नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा, एवढंच त्यात असतं: जेमतेम दहा-बारा ओळी, पण चुकायच्या जागा भरपूर.

वहीत चढत्या क्रमाने लिहा: ४, ९, १३, २२, ३१, ४०, ५८. प्रत्येकाखाली इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, ० ते ६. त्याखाली चार रकाने आखा: लो (शोधायच्या भागाचा पहिला इंडेक्स), हाय (शेवटचा), मिड (दोघांची बेरीज भागिले २, अपूर्णांक सोडून) आणि मिडवरची संख्या. लूपची, म्हणजे परत परत चालणाऱ्या भागाची, एक फेरी म्हणजे एक ओळ. आधीचा आकडा खोडून त्यावरच नवा लिहू नका, नाहीतर गाडी कुठे घसरली ते कळणारच नाही.

आता ३१ शोधा. लो ०, हाय ६, मिड ३, तिथे २२. आपली संख्या मोठी, म्हणून लो = मिड + १, म्हणजे ४. पुढची फेरी: मिड ५, तिथे ४०. आपली लहान, म्हणून हाय = मिड − १, म्हणजे ४. तिसऱ्या फेरीत लो, हाय, मिड तिन्ही ४, आणि ३१ सापडले. लूप कुठवर चालायचं ते ठरवणाऱ्या व्हाइलच्या अटीत ‘लो <= हाय’ ऐवजी नुसतं ‘लो < हाय’ लिहिलं असतं, तर ही तिसरी फेरी झालीच नसती आणि समोर असलेली संख्या ‘नाही’ म्हणून आली असती.

खरी गंमत ‘+ १’ विसरल्यावर कळते. लो = मिड एवढंच लिहा आणि ३१ पुन्हा शोधा: दुसऱ्याच फेरीत मिड ४ येतो, उत्तर बरोबर! मुलं इथेच खूश होऊन जर्नलमध्ये आउटपुट उतरवतात. मग मी ५८ शोधायला सांगते. लो ०, ३, ४, ५ असा सरकतो. पुढे ५ आणि ६ ची बेरीज ११, तिला २ ने भागलं की इंटिजरमध्ये ५. लो परत ५, मिड परत ५. वहीत तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि लूप कधीच संपत नाही.

म्हणून तपासायच्या संख्या विचार करून निवडा. बरोबर मधली २२ घेतली तर पहिल्याच फटक्यात सापडते, त्यातून काहीच कळत नाही. पहिली ४, शेवटची ५८, मध्येच नसलेली ३०, सगळ्यांपेक्षा लहान २ आणि मोठी ६० घ्याच. एकाच घटकाचा अ‍ॅरे (म्हणजे अशी यादी) आणि रिकामा अ‍ॅरेही चालवून बघा.

ओरलला ‘ओ ऑफ लॉग एन का?’, म्हणजे घटक खूप वाढले तरी फेऱ्या थोड्याच का वाढतात, असं विचारलं की पाठ केलेलं वाक्य म्हणू नका. दर फेरीत शोधायचा भाग निम्म्याहून जास्त उरत नाही, हे वहीतल्या ओळींवर बोट ठेवून दाखवा. दहा लाख घटक असले तरी २० फेऱ्यांत निकाल लागतो, कारण २ चा २० वा घात १०,४८,५७६ आहे.

शेवटी मिडचं सूत्र (लो + हाय) / २ ऐवजी लो + (हाय − लो) / २ असं लिहा. ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या प्रकारात) जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात; खूप मोठ्या अ‍ॅरेत लो आणि हाय यांची थेट बेरीज त्यापुढे जाऊ शकते. सात घटकांच्या ड्राय रनमध्ये हे दिसणार नाही, म्हणून हे सूत्र पहिल्या दिवसापासून हातात बसू द्या.