करारनाम्याचं टेम्प्लेट बनवायला बसण्याआधी

पहिलं काम कागदावरचं आहे. ज्या दस्ताचं टेम्प्लेट (पुन्हा पुन्हा वापरायचा कोरा नमुना) हवं आहे, त्याच्या प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या तीन-चार प्रती काढा, छापा आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचा. भाडेकरार असो, मुखत्यारपत्र असो की गोपनीयतेचा करार, मजकुराचे तीन थर वेगळे दिसू लागतात. काही वाक्यं सगळीकडे शब्दशः तीच असतात. काही ठिकाणी फक्त नाव, तारीख, रक्कम बदललेली असते. आणि काही कलमं एका प्रतीत आहेत, दुसऱ्या प्रतीत नाहीत. तीन रंगांनी खुणा करा. पहिला थर एकदाच टाइप करायचा, दुसऱ्यासाठी रिकाम्या जागा ठेवायच्या आणि तिसऱ्याबाबत दर वेळी कुणीतरी डोकं चालवून निर्णय घ्यायचा. बहुतेक टेम्प्लेट्स फसतात ती तिसरा थर दुसऱ्यासारखा हाताळल्यामुळे. ‘लागू नसल्यास खोडावे’ असा शेरा मारलेलं कलम मग शेऱ्यासकट सहीपर्यंत पोचतं.

जुन्या प्रकरणाची फाईल घ्यायची, नावं पुसायची आणि तिलाच टेम्प्लेट म्हणायचं, हा मोह टाळा. नाव मजकुरातून गेलं तरी हेडरमध्ये, कॉमेंट्समध्ये, ट्रॅक चेंजेसमध्ये (बदलांच्या नोंदीत) किंवा फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये राहू शकतं. त्याहून वाईट म्हणजे त्या एका पक्षकाराने घासाघीस करून मिळवलेली सवलत आता तुमच्या प्रत्येक कराराचा भाग होते, आणि ती तिथे का आहे हे कुणालाच आठवत नाही. कोरी फाईल घ्या, मजकूर ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडून चिकटवा, म्हणजे जुनं फॉरमॅटिंग सोबत येणार नाही. आणि सजावटीला हात लावण्यापूर्वी हा मजकूर कायदा जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. टेम्प्लेटमधली चूक एका दस्तात थांबत नाही.

आता रिकाम्या जागांची यादी. प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी लिहा: काय भरायचं, कोण भरणार, ते कुठून मिळणार आणि दस्तात किती ठिकाणी येणार. शेवटचा रकाना महत्त्वाचा. पक्षकाराचं नाव बारा ठिकाणी येत असेल, तर बारापैकी एका ठिकाणी ते चुकणार हे धरून चाला. यावरचा उपाय सॉफ्टवेअरपेक्षा मसुद्यात जास्त आहे: सुरुवातीला नाव देऊन ‘यापुढे भाडेकरू’ म्हणा, मग शेवटपर्यंत फक्त ‘भाडेकरू’. नाव उरतं सुरुवातीला आणि सहीपाशी.

मराठीत दस्त करणाऱ्यांनी इथे विभक्तीचाही विचार करावा. नावाला थेट प्रत्यय जोडणारी वाक्यरचना टेम्प्लेटमध्ये चालत नाही, कारण कोणतं नाव येणार हे माहीत नसतं. ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांच्या’ असे सुटे शब्द नावापुढे ठेवले की कुठलंही नाव बसतं, आणि आदरार्थी बहुवचनामुळे पक्षकार एक असो वा दोन, बहुतेक क्रियापदं बदलावी लागत नाहीत. ‘राहणारा’ऐवजी ‘राहणार’ लिहिलं की लिंगाचाही प्रश्न सुटतो. जुने दस्तलेखक हे करतच आले आहेत. त्यांची भाषा कितीही जड वाटली तरी ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

मग वर्ड उघडा आणि आधी स्टाइल्स, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक प्रकाराचं ठरावीक रूप, ठरवा. कलमाचं शीर्षक, कलमाचा मजकूर, उपकलम, परिशिष्ट, इतक्या पुरतात. शीर्षकाच्या स्टाइल्स मल्टिलेव्हल लिस्टला (कलम-उपकलमांच्या आपोआप क्रमांकांना) जोडा, म्हणजे एक कलम काढलं की पुढचे क्रमांक आपोआप सरकतील. हाताने टाइप केलेला एकही क्रमांक ठेवू नका, मजकुरातलासुद्धा. ‘कलम ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ यातला ७ क्रॉस-रेफरन्स म्हणून, म्हणजे त्या कलमाच्या क्रमांकाशी जोडून, घाला. फाँट निवडताना स्टाइलमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी (देवनागरीसारख्या लिप्यांसाठी) वेगळा रकाना असतो, देवनागरी मजकूर त्याचंच ऐकतो. आकार आणि ठळकपणाही तिथेच ठरवा. फाँट युनिकोडच हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेला दस्त तो फाँट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दाखवतो.

रिकाम्या जागांसाठी ठिपके किंवा अधोरेखा ओढू नका. डेव्हलपर टॅबमध्ये कंटेंट कंट्रोल्स, म्हणजे माहिती भरायच्या चौकटी, असतात (टॅब दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या ‘कस्टमाइझ रिबन’मधून सुरू होतो). नावासाठी साधा मजकूर, तारखेसाठी डेट पिकर, ‘मासिक की वार्षिक’ अशा निवडीसाठी ड्रॉप-डाउन. आतली सूचना बदलून कामाची करा: ‘[भाडेकरूचं पूर्ण नाव, ओळखपत्रावर आहे तसं]’. चौकटी कंस मुद्दाम ठेवा. आणि या सूचनेचा फिकट करडा रंग आधी बदला. न भरलेली सूचना छापीलही उमटते, आणि फिकट अक्षरं घाईत नजरेतून सुटतात. लाल करा, पिवळी पट्टी द्या, काहीही करा, पण राहिलेली जागा ओरडली पाहिजे. माझ्या मते चांगल्या टेम्प्लेटची हीच परीक्षा: भरलेलं सुबक दिसतंय की नाही हे नंतर बघू, न भरलेलं लपतंय का ते आधी बघा.

एकच माहिती अनेक ठिकाणी हवी असेल, तर इन्सर्ट टॅबवरच्या क्विक पार्ट्समधली डॉक्युमेंट प्रॉपर्टी (फाईलसोबत साठवलेली माहिती) वापरता येते. एका जागी भरलं की बाकीच्या जागा भरतात. बुकमार्क (मजकुराच्या तुकड्याला दिलेलं नाव) आणि त्याकडे बोट दाखवणारं फील्ड (तो मजकूर आणून दाखवणारी जागा) हा दुसरा मार्ग, पण फील्ड्स स्वतःहून ताजी होत नाहीत. कंट्रोल+ए आणि मग एफ९ दाबावं लागतं, आणि तेही हेडर-फूटरपर्यंत पोचत नाही. तिथे जाऊन वेगळं दाबा. तारखेबाबत एक सक्त सूचना: ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ची खूण काढलेली असू द्या. नाहीतर करार पुढच्या वर्षी उघडला की तो पुढच्या वर्षीची तारीख दाखवेल.

पर्यायी कलमं क्विक पार्ट्समध्ये बिल्डिंग ब्लॉक (तयार तुकडा) म्हणून टेम्प्लेटमध्येच साठवा आणि लागेल तेव्हा आत घ्या. नको असलेलं खोडण्यापेक्षा हवं ते घालणं कमी धोक्याचं. मॅक्रो (वर्डमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून सगळं आपोआप करण्याची हौस असेल तर ती आवरा. मॅक्रोवालं टेम्प्लेट डीओटीएम (.dotm) म्हणून साठवावं लागतं, आणि इंटरनेटवरून आलेल्या अशा फाईलमधले मॅक्रो वर्ड अडवतो. निर्णय फारच जास्त असतील तर सरळ दोन टेम्प्लेट्स करा.

सह्यांचा भाग बिनरेषांच्या तक्त्यात ठेवा, ओळींना ‘कीप विथ नेक्स्ट’ (पुढच्या ओळीपासून तुटू न देणारी सोय) द्या आणि निदान शेवटच्या कलमाच्या दोन ओळी तरी त्याच पानावर येतील असं बघा. नुसत्या सह्यांचं सुटं पान कशालाही जोडता येतं. फूटरमध्ये ‘पान इतके पैकी इतके’ आणि बारीक अक्षरात टेम्प्लेटची आवृत्ती.

साठवताना प्रकार डीओटीएक्स (.dotx) निवडा, लिबरऑफिसमध्ये ओटीटी (.ott). त्यावर डबल-क्लिक केलं की नवी, बिननावाची फाईल उघडते आणि मूळ सुरक्षित राहतं. मूळ दुरुस्त करायचं तर राइट-क्लिक करून ‘ओपन’. दुरुस्ती केली तरी आधी बनलेल्या दस्तांचा मजकूर बदलत नाही, म्हणून कुठला दस्त कुठल्या आवृत्तीतून निघाला हे फूटरवरून कळायला हवं.

वापरात आणण्यापूर्वी ते मोडून बघा. सर्वांत लांब नाव घाला, दोन मालक घाला, मधलंच एखादं कलम उडवा आणि फील्ड्स ताजी करा. उडवलेल्या कलमाचा कुठे उल्लेख असेल तर वर्ड तिथे ठळक अक्षरात ‘एरर’ लिहितो; दिसायला वाईट, पण चुकीच्या आकड्यापेक्षा शतपटीने बरं. मग टेम्प्लेट ज्याने बनवलं नाही अशा माणसाला ते न समजावता भरायला द्या आणि तो कुठे अडतो ते टिपून ठेवा. भरून झाल्यावर चौकटी कंस शोधा. एकही सापडता कामा नये.

दस्त बाहेर पाठवताना वर्डमधला डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवून कॉमेंट्स आणि लपलेली माहिती काढली जाते. ते नेहमी प्रतीवर करा. इन्स्पेक्टरने प्रॉपर्टीज पुसल्या तर त्यांच्याशी जोडलेली नावंही दस्तातून जाऊ शकतात, त्यामुळे पाठवण्याआधी ती प्रत पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचा.