मेसेजमध्ये यादीतला शब्द हाय का नाही, पायथनमध्ये कसं बघायचं

मार्केट यार्डात मामांचं गुळाचं दुकान हाय, त्यांच्या मोबाइलवर दिवसभर मेसेज येतात आणि त्यातनं ऑर्डरचे तेवढे बाजूला काढायचे होते म्हणून हे करायला घेतलं. यादी साधी, गूळ, काकवी, रवा (म्हणजे गुळाची ढेप), गुऱ्हाळ.

आधी एक सांगतो, नवीन पोरं हमखास इथंच अडकतात. इफच्या पुढं "गूळ" ऑर "काकवी" इन मेसेज असं लिहू नका, पायथन नुसता "गूळ" बघतंय, स्ट्रिंग रिकामी नाही म्हणून ट्रू धरतंय आणि मेसेज न वाचताच अट पास होते. एनी हे फंक्शन वापरा, आत फॉरनं यादी फिरवा आणि एकेक शब्द इन मेसेज हाय का विचारा, एक सापडला की एनी तिथंच थांबतंय.

आता मराठीची खरी गंमत. "परवा येतो" हा मेसेज ऑर्डरमध्ये जाऊन बसला, कारण परवा मध्ये रवा हाय! आणि "दोन रवे गुळाचे पाठवा" ही खरी ऑर्डर सुटली, रवाचं रवे झालं आणि गूळचा दीर्घ ऊ गुळाचे म्हणताना ऱ्हस्व झाला.

म्हणून मेसेज स्प्लिट करून शब्द सुटे करा, शब्दाच्या कडेचे स्वल्पविराम, टिंबं स्ट्रिपनं काढा आणि प्रत्येक शब्दाला स्टार्टस्विथ लावा, म्हणजे शब्द यादीतल्या रूपानं सुरू होतोय का ते कळतं. त्याला अख्खं टपल (गोल कंसातली यादी) देता येतंय, लिस्ट दिली तर मात्र टाइपएरर. टपलमध्ये गूळ, गुळ, काकवी, रवा, रवे, रव्या, गुऱ्हाळ अशी सगळी रूपं भरा. परवा सुटला, पण रवाना आणि गुळगुळीत अजून अडकतात, त्यांची वगळायची यादी वेगळी ठेवा आणि तीही एकेका शब्दालाच लावा, पूर्ण मेसेजला लावली तर "गूळ रवाना करा" ही ऑर्डरच उडेल.

रेजेक्सची (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) वर्ड बाउंडरी, म्हणजे शब्दाची कड ओळखणारी खूण, लावायचा मोह होतो, मराठीला नका लावू. पायथनचं रेजेक्सचं री मॉड्यूल काना-वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळं दोन्हीकडं बाउंडरी लावली की "रवा पाठवा" मधला सरळसरळ रवासुद्धा त्याला सापडत नाही.

गुऱ्हाळनं माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. काही कीबोर्ड ऱ आणि हलंत (अक्षराचा पाय मोडायची खूण) टाकतात, काही साधा र, हलंत आणि त्यापुढं एक न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम पण तुलना फॉल्स. रिप्लेसनं दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्या, मेसेजमध्येही आणि यादीतही.

यादी फाइलमधनं वाचत असाल तर रिकाम्या ओळी आधी गाळा. रिकामी स्ट्रिंग प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला असतेच असं पायथन धरतंय, मग "जेवलास का" पण ऑर्डर होते. शेवटी आठवड्याभराचे जुने मेसेज या कोडवर चालवून बघा आणि न सापडलेले आधी वाचा, सुटलेली रूपं तिथंच मिळतात.