बेट ठरवण्याआधी तिथी बघा: कोकणातल्या बेटांवर जाताना हमखास होणाऱ्या चुका

अलिबाग, मुरूड, हर्णै, मालवण. यांतल्या कुठल्याही किनाऱ्यावर शनिवारी सकाळी उभं राहिलं की तीच ती वाक्यं कानावर पडतात. "होडी आत्ता का नाही सुटणार?" "पाणी तर गुडघ्याएवढंच आहे ना?" "आधी जेवून घेऊ, मग जाऊ." माणसं हौसेनं लांबून आलेली असतात. पण त्यांनी आधी हॉटेल ठरवलेलं असतं, मग बेट, आणि समुद्राचा विचार सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा करा. आधी तिथी, मग बेट, मग मुक्काम.

तिथी न बघता कुलाब्याला चालत निघणं

सगळ्यांत जास्त फजिती होते ती इथे, म्हणून हे सविस्तर सांगायला हवं.

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला समोरच दिसतो. सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, तिथपर्यंत चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. मात्र ही वाट रोज वेगळ्या वेळी उघडते आणि ती वेळ काढण्याचा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. ज्यांनी पाऊणकी पाठ केली आहे त्यांना कागदही लागत नाही. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, आणि त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी, सकाळी साडेआठला, सुकती. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन मोजायचं. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, भरतीही त्याच्याबरोबर मागे सरकते. हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक धरा आणि निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक ताडून बघा.

आता दर हंगामात पुन्हा पुन्हा घडणारा प्रकार बघा. तृतीया आहे, सुकती साडेआठची. मंडळी नाश्ता आटपून पावणेदहाला किनाऱ्यावर येतात. पाणी गुडघ्याला लागतं, मुलं खूश. सव्वादहापर्यंत किल्ल्यात. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या देवळात सिद्धिविनायकाचं दर्शन, गोड्या पाण्याची पुष्करणी, बुरूज, तोफा, फोटो. साडेअकराला दरवाजाबाहेर येतात तर आलेली वाट गायब.

याचं कारण असं की पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. सुकतीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन आणि शेवटी एक असं पाणी येतं. समजा त्या दिवशी सुकती-भरतीतला फरक ३.६ मीटर आहे. पहिल्या तासात ३० सेंटिमीटर चढतं, जेमतेम पोटरीपर्यंत. दुसऱ्यात ६० आणि तिसऱ्या तासात तब्बल ९०. साडेअकरापर्यंत मिळून १.८ मीटर, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यापर्यंत. शिवाय पाणी समोरून भिंतीसारखं येत नाही, ते सखल भागातून बाजूनं शिरतं. पुढचा खडक कोरडा दिसतो म्हणून माणूस पाऊल टाकतो आणि मधल्या खोलगटात छातीपर्यंत जातो. ओढ असेल तर तिथून परत फिरणंही जमत नाही. अशा वेळी एकच योग्य गोष्ट आहे: किल्ल्यात थांबा. एक तर होडी मिळेल, नाहीतर अंधार पडल्यावर पाणी उतरेल. पोहता येतं म्हणून पाण्यात उतरण्याची घाई जिवावर बेतते.

आमची सवय साधी आहे. सुकतीच्या एक तास आधी वाटेला लागायचं आणि सुकतीनंतर अर्ध्या तासात दरवाजातून बाहेर पडायचं. साडेआठची सुकती असेल तर साडेसातला निघा आणि नवाचा गजर मोबाइलमध्ये लावा. "अजून दहा मिनिटं" म्हणणारा प्रत्येक गटात एक असतोच, त्याचं ऐकू नका.

कुठली तिथी चांगली? तृतीया ते पंचमी. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, त्यामुळे या दिवसांत पाणी अजून चांगलं ओसरतं आणि सुकती सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. संकष्टीला दर्शनाला जाणाऱ्यांना सकाळी सव्वानऊची सुकती मिळते ती याच हिशेबानं. अष्टमीला सुकती भर दुपारी बाराच्या सुमारास असते. उशिरा उठणाऱ्यांना ती सोयीची वाटते, पण तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराची भरती असते, पाणी पुरतं ओसरत नाही आणि वाट नीट उघडतच नाही. पौर्णिमेला सुकती पहाटे आणि संध्याकाळी येते. संध्याकाळी गेलात तर परतीच्या वेळी अंधार आणि चढतं पाणी दोन्ही एकदम गाठतात.

कुलाब्याचा नियम खांदेरीला लावणं

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर गणित बरोबर उलटं आहे. खांदेरीच्या बेटावर जायला होडी लागते आणि होडीला पाणी लागतं. सुकतीला आलात तर होडी चिखलावाळूत बसलेली दिसेल आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, भरतीची वाट बघायला सांगेल. तो टाळाटाळ करतोय असं समजून वाद घालू नका. जी वेळ कुलाब्याला सोयीची, तीच थळला अडचणीची. म्हणून दोन्ही एका सकाळी उरकण्याचा बेत आखू नका. शेजारच्या उंदेरीला तर खडकांवरच उतरावं लागतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर उंदेरी होडीतूनच बघा.

बेट म्हणजे पांढरी वाळू आणि माड, असं धरून चालणं

कोकणातली बहुतेक प्रसिद्ध बेटं म्हणजे काळा खडक आणि त्यावरचा किल्ला. तिथे राहायला खोली नाही, बऱ्याच ठिकाणी सावली नाही, पोहायला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. पण यादीत नाव आलं म्हणून तिकीटखिडकी आणि पिण्याचं पाणी आलं असं होत नाही. सिंधुदुर्गाला मालवणच्या धक्क्यावरून नियमित होड्या आहेत. हर्णैहून सुवर्णदुर्गाला मात्र होडीवाल्याशी बोलून ठरवावं लागतं, आणि माणशी दोन लिटर पाणी बरोबर न्यावं लागतं. थांबायचा वेळ आणि परतीचे पैसे चढण्याआधीच ठरवा.

पाण्यात खेळायचं असेल तर देवबागला जा. कर्ली नदीच्या मुखाशी सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा पट्टा आहे. पण तोही भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून वेळ विचारूनच होडी ठरवा. मालवणची भरती मुंबईच्या थोडी आधी येते आणि पाण्याची चढ-उतारही उत्तरेपेक्षा कमी असते. अलिबागची वेळ इथे जशीच्या तशी चालत नाही.

मालवणला स्नॉर्केलिंगसाठी जाणाऱ्यांनी लक्षद्वीपचे फोटो डोळ्यांसमोर ठेवू नयेत. इथलं पाणी थोडं गढूळच असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, वारा नसलेल्या सकाळी त्यातल्या त्यात स्वच्छ मिळतं. प्रवाळावर पाय ठेवून उभं राहणं ही तर अक्षम्य चूक. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, आणि एका पावलानं मोडलेलं प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

दुपारची होडी धरणं

सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, समुद्र सपाट असतो. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो आणि लाटा उठतात. जंजिऱ्याला याचा त्रास सर्वांत जास्त होतो. राजपुरीहून शिडाच्या होडीनं दरवाजापाशी पोचल्यावर हलत्या होडीतून पायरीवर उतरायचं असतं. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाऊल टाका, खाली जाताना नाही. दोन्ही हात मोकळे हवेत. मोबाइल खिशात, पिशवी पाठीला, मूल खलाशाच्या हातात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत फेऱ्या थांबतात हेही लक्षात ठेवा.

बाकीच्या चुका

पावसाळ्यात बेट ठरवणं. जूनपासून होड्या बंद असतात. "एखादा नेतो का बघू" असं म्हणू नका. नेणारा भेटला तरी जाऊ नका.

साध्या चपला. खडकांवर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल घाला.

लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवणं. सगळे पट्टे आवळा, मग कुणाला तरी खांद्याशी धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही.

फक्त मोबाइलवर पैसे ठेवणं. धक्क्यावर रेंज जाते, सुटे पैसे जवळ ठेवा.

नाताळचा आठवडा निवडणं. मालवणच्या धक्क्यावर रांगेतच सकाळ जाते. जानेवारीतला मधल्या वारचा दिवस घ्या, आणि होडी सुरू होण्याच्या वेळेलाच धक्क्यावर हजर राहा.