बीएमटीआधी जोखीम मोजताना: आधी फुफ्फुसांच्या चाचणीचा आकडा (डीएलसीओ) दुरुस्त करा

दात्याच्या स्टेम सेल घेऊन बोन मॅरो ट्रान्सप्लांट (बीएमटी) होणार असेल, तर दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्यात: उपचार शरीराला झेपतील का, आणि आजार उलटेल का. पहिलीसाठी एचसीटी-सीआय (रुग्णाच्या इतर आजारांना गुण देऊन केलेली बेरीज; जास्त गुण म्हणजे जास्त धोका), दुसरीसाठी रक्ताच्या कर्करोगांत डीआरआय (डिसीज रिस्क इंडेक्स). अप्लास्टिक ॲनिमिया (मज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही तो आजार) कर्करोग नाही, म्हणून त्याला डीआरआय लागत नाही. बोरिवलीच्या महापालिका केंद्रात येणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पेसारो वर्ग (यकृताची स्थिती आणि लोह काढण्याचे उपचार यांवरून ठरणारा धोक्याचा वर्ग) पाहतात.

एचसीटी-सीआयमध्ये घोळ होतो तो फुफ्फुसांच्या गुणांत. डीएलसीओ (फुफ्फुसांतून रक्तात वायू किती जातो) किंवा एफईव्ही-1 (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते) अपेक्षित मूल्याच्या 66 ते 80 टक्के असेल तर 2 गुण, 65 किंवा खाली असेल तर 3. पण हिमोग्लोबिन कमी असलं की डीएलसीओ खोटाच खाली दिसतो, आणि या रुग्णांचं हिमोग्लोबिन कमीच असतं. म्हणून हिमोग्लोबिनला (ग्रॅम प्रति डेसिलिटर) 0.06965 ने गुणा आणि येईल त्या आकड्याने डीएलसीओला भागा. हिमोग्लोबिन 8 आणि डीएलसीओ 50 टक्के असेल तर उत्तर येतं जवळपास 90. 3 गुणांचे शून्य झाले! काही लॅब ही दुरुस्ती करूनच रिपोर्ट देतात, तेव्हा आधी विचारून घ्या, नाहीतर ती दोनदा होईल.

यकृताच्या गुणांसाठी बिलिरुबिन आणि एसजीपीटी वेगवेगळ्या दिवशी निदान दोनदा तपासा. टीबीची औषधं ट्रान्सप्लांटच्या दिवसानंतरही चालू राहणार असतील तर 1 गुण. पूर्ण बरा झालेला जुना टीबी मोजू नये. आपल्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. पूर्वी वेगळा कर्करोग झाला असेल तर 3 गुण, पण एमडीएसचंच (मज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) पुढे एएमएल (तीव्र रक्ताचा कर्करोग) झालं असेल तर नाही.

बेरीज 0, 1-2, 3 किंवा जास्त अशा तीन गटांत मोडते; वय 40 किंवा पुढे असेल तर आणखी 1. सिएटलच्या 2005 सालच्या मूळ अभ्यासात दोन वर्षांनी जिवंत असलेले अनुक्रमे 71, 60 आणि 34 टक्के होते. हे आकडे नातेवाइकांना जसेच्या तसे सांगू नयेत: तेव्हाची औषधं वेगळी, रुग्णही वेगळे. टाटा मेमोरियलमध्ये 1983 पासून ट्रान्सप्लांट होत आहेत, तेव्हा मुंबईतल्या ज्या युनिटमध्ये उपचार होणार, तिथले त्याच आजाराचे आकडे मागा.

ते आकडे मांडताना जगण्यासाठी कॅप्लान-मायर (काळानुसार किती जण जिवंत राहिले हे काढण्याची पद्धत) चालतं. आजार उलटण्यासाठी मात्र क्युम्युलेटिव्ह इन्सिडन्सच (आधीच दगावलेल्यांचा हिशेब धरणारी पद्धत) घ्या, कारण उपचारांनी दगावलेल्याचा आजार उलटूच शकत नाही, आणि कॅप्लान-मायर तो धोका फुगवून दाखवतं.