खान्देशात हॉटेल टाकायचंय? ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा

ज्याच्या हाताला चव आहे त्याला आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच, भाऊ तू हॉटेल टाक. मलाही म्हणाले, मी शेवभाजीचं टाकलं. चवीने काही अडलं नाही, अडलं धुराड्यापाशी.

तर पहिलं काम जागा. गाळा आवडला म्हणून लगेच ॲडव्हान्स देऊ नका, मी दिला होता. काळ्या मसाल्याची फोडणी बसली की अर्ध्या गल्लीला ठसका लागतो याचं आपल्याला कौतुक, पण माझा एक्झॉस्ट बरोबर वरच्या काकूंच्या खिडकीखाली निघत होता, चौथ्या दिवशी त्या पदराने डोळे पुसत खाली आल्या आणि मग चिमणी पार गच्चीच्या वर न्यावी लागली, पत्रा, मोटर, मजुरी, सगळं बजेटच्या बाहेर. म्हणून धूर कुठून काढायचा, सांडपाणी कुठे सोडायचं हे मालकाला आधी विचारा आणि भाडेकरारात लिहून घ्या. मीटर घरगुती असेल तर कमर्शियल करून घ्या. हायवेला धाबा टाकणार असाल तर सातबारा बघा, जमीन बिगरशेती (एन.ए.) वापराला चालते का ते बघा, आणि रस्त्यावरून गाड्या आत घ्यायची परवानगी वेगळी लागते बरं का.

मग कागदं. सगळ्यात आधी फूड लायसन्स, सरकारच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज करायचा. उलाढाल कमी असेल तर साधं रजिस्ट्रेशन, जास्त असेल तर स्टेट लायसन्स. १४ आकडी नंबर मिळतो तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावायचा, बिलावरही टाकायचा. पाण्याचा टेस्ट रिपोर्ट आणि कामावरच्या पोरांची मेडिकल तपासणी करून ठेवा, टायफॉइडची लसही. शेव तळता म्हणून एक सांगतो, तेच तेल आठवडाभर वापरायची सवय सोडा, तेलातले पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवलं की वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद.

शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानाची नोंदणी, ऑनलाइन होतं, कामगार मोजके असतील तर नुसती सूचना द्यायची. फायर एनओसी (आगीच्या सुरक्षेचा ना-हरकत दाखला) आणि बाकी परवानग्यांसाठी जळगाव-धुळ्यात महापालिका, नंदुरबारला नगरपरिषद. खाद्यगृह नोंदणी वेगळी लागते का, तेही विचारून घ्या. घरचं १४.२ किलोचं सिलिंडर हॉटेलात चालत नाही, १९ किलोचंच घ्या. आणि भाडेकरार, लाइट बिल, अर्ज, तिन्हीवर पत्ता एकसारखा पाहिजे, गाळा नंबर इकडे एक तिकडे दुसरा असला की फाइल परत येते.

जीएसटी वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की लागतो. साध्या हॉटेलला ५ टक्के, पण फ्रीज, भट्टी, चिमणी घेताना भरलेला जीएसटी वळता होत नाही, म्हणून कोटेशन बघताना टॅक्स धरूनच हिशोब करा. कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) घेतलं तर तो ५ टक्के आपल्या खिशातून, बिलात गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही.

आता पैसा. परवान्यांच्या फीने कोणी बुडत नाही, बुडवतो तो दर महिन्याचा खर्च. समजा भाडं २५ हजार, पगार ६० हजार, लाइट वगैरे १० हजार, झाले ९५ हजार. एका प्लेटमागे माल जाऊन ७० रुपये उरत असतील तर महिन्याला साधारण १,३५७ प्लेटा, म्हणजे सोमवार बंद धरून २६ दिवस रोज ५२-५३ प्लेटा गेल्या तर तुम्ही शून्यावर, घरी न्यायला अजून काहीच नाही. आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा या ५२ कोण खाणार? सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तरच शटर उघडा, माझ्याकडे दोनचा होता, बाकीचे चार महिने मेहुण्याकडे हात पसरले.

भरीत ठेवणार असाल तर गाळ्यात वांगी भाजायला काट्या पेटवायचा विचारही नको. पण गॅसवर भाजलेलं वांगं आपली माणसं पहिल्या घासाला ओळखतात. म्हणून मी वांगी पहाटे मळ्यात भाजून आणतो, लाकडी बडगीत ठेचायचं काम तेवढं हॉटेलात. धबाधब आवाज होतो, पण त्यावर काकू अजून काही बोलल्या नाहीत, उलट हिवाळ्यात भरितासाठी डबा खाली पाठवतात.