कीर्तिमंदिरातली भिंत मुलांना दाखवायची तर

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा. वडोदऱ्यात एकतीस वर्षं मी चित्रकला शिकवली, आणि ते दरवर्षी मनाला लागायचं. म्हणून रविवारी चार-पाच मुलं घेऊन मी कीर्तिमंदिरात, गायकवाड घराण्याच्या तिथल्या स्मारकात, जायचे. आता नातीला नेते. तुम्हीही तुमच्या घरची मुलं न्या.

सकाळी न्या, पोटभर खाऊ घालून. उघडायची वेळ आधी विचारून घ्या. सोबत वही आणि पेन्सिल, बस्स. एका खेपेला एकच भिंत. मधल्या दालनात नंदलाल बोस यांची चार भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीरा, नटीर पूजा आणि अभिमन्यूवध. चारही दाखवायला गेलात तर एकही लक्षात राहत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

नाव, साल, चित्रकार यातलं आधी काही सांगू नका. सांगितलं की मूल बघायचं थांबतं आणि ऐकायला लागतं. जमिनीवर बसा. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग विचारा, डोळा आधी कुठे गेला? तिथून पुढे कुठे वळला? दोघांची उत्तरं वेगळी येतील, दोन्ही राहू द्या. मग एकच रेष निवडायला सांगा, खांद्यापासून मनगटापर्यंतची म्हणा. हवेत बोट फिरवून ती आधी गिरवायची, मग वहीत काढायची. खोडरबर मी देत नाही. नंदलालांची ताकद रेषेत आहे. तरुणपणी, 1909-10 च्या सुमारास, ते अजिंठ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. हाताला ही रेष तिथेच लागली असावी, असं मला वाटतं. ज्या मुलाने इथे एक हात नीट गिरवलाय, त्याला अजिंठ्याला नेऊन बघा. ते आपणहून ओळखतं.

एवढं झालं की गोष्ट सांगा. नटीर पूजेची कथा रवींद्रनाथांच्या नाटकातली. बुद्धाच्या स्तूपाची पूजा करायला राजाची बंदी, करील त्याला देहदंड. श्रीमती या राजनर्तकीला त्याच स्तूपापुढे नाचायचा हुकूम होतो. ती नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, नाचाचीच पूजा होते आणि तिचा जीव जातो. मुलं इथे अगदी गप्प होतात. घाई करू नका.

आता महत्त्वाचा प्रश्न. हे गायकवाड घराण्याचं स्मारक. सयाजीराव महाराजांनी नंदलालांना शांतिनिकेतनहून बोलावलं. महाराज 1939 साली गेले, चित्रांचं काम 1946 पर्यंत चाललं. राजघराण्याच्या स्मारकात गायकवाडांनी जिंकलेली लढाई रंगवता आली असती. त्याऐवजी भिंतींवर मारली गेलेली नर्तकी, राजवाडा सोडून गेलेली मीरा, चक्रव्यूहात एकटा पडलेला पोर आणि पिढ्यानपिढ्यांच्या तपाने खाली आलेली नदी. का बरं? संस्कृती म्हणजे काय हे फळ्यावर समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. इथे एक पाचवीतली मुलगी म्हणाली, “बाई, जिंकलेल्यांचे पुतळे बाहेर चौकात असतात. म्हणून ह्यांना आत जागा दिली असेल.” मी काही बोलले नाही. तिचं म्हणणं आजही मनात आहे.

पुढच्या रविवारी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकातलं दिवाणांचं घर. इथे चित्रांची नुसती दाटी. कृष्ण आहे, महाभारत आहे आणि गोरे साहेबही. मुलांना एवढंच काम द्या: कुणाच्या डोक्यावर काय आहे ते वहीत उतरवा. महाभारत दोन्हीकडे आहे, ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

प्रत्येक पानावर तारीख घालून घ्या आणि चित्राला गुण देऊ नका. नातीच्या वहीत गंगावतरणाची तीन पानं आहेत. पहिल्या दोनांत नुसती माणसं. तिसऱ्यात, सात महिन्यांनी, पाणी आलं.