सगळ्या कोरोना विषाणूंवर चालणारी लस संगणकावर रचताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांमधले एम.एस्सी.चे प्रकल्प माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत हा विषय हमखास असतो. पोरं रात्र-रात्र जागून काम करतात, म्हणून त्याच त्या चुका दिसल्या की जीव हळहळतो.

सगळ्यात मोठी चूक डेटा उतरवून घेतानाच होते. जीआयसेड या विषाणूंच्या माहितीसाठ्यावर कोविडच्या विषाणूचे दीड कोटीहून जास्त जनुकीय क्रम आहेत. त्यातले काही हजार घेऊन सरासरी क्रम काढला की झाली म्हणे सर्वव्यापी लस! रावेर-यावलकडे हजार बागा फिरलात आणि सगळीकडे ग्रँड नैनच पाहिली, तर केळीचे वाण कळले असं म्हणाल का? २००३ च्या सार्स विषाणूचं स्पाइक प्रथिन (विषाणूच्या अंगावरचा काटा) कोविडच्या स्पाइकशी साधारण ७६ टक्के जुळतं, मर्स या आणखी एका कोरोना विषाणूचं त्याहून बरंच कमी. म्हणून आधी सारख्या क्रमांचे गट पाडा, प्रत्येक गटातून एकच प्रतिनिधी घ्या आणि वटवाघळांमधले भाऊबंद विषाणू मुद्दाम शोधून घाला.

मग खरी कसोटी लावा. सार्सचा क्रम पूर्ण बाजूला ठेवून रचना करा आणि ती त्याला लागू पडते का ते तपासा. कॅलटेकमध्ये पामेला बियॉर्कमन यांच्या गटाने एकाच नॅनोकणावर आठ वेगवेगळ्या विषाणूंचे ग्राहीबंधक भाग (स्पाइक आपल्या पेशीला जिथे चिकटतो तो तुकडा) बसवले. त्या आठांत सार्स नव्हता, तरी प्राण्यांना त्याच्यापासून संरक्षण मिळालं. नुसत्या कोविडच्या भागाने मढवलेल्या कणाने उंदरांना ते दिलं नाही. २०२२ चा हा निकाल मी प्रत्येकाला वाचायला लावतो.

दुसरं, न बदलणारा भाग सापडला म्हणजे काम फत्ते झालं, असं नाही. स्पाइकचा बुडाकडचा, एस-२ नावाचा भाग कमी बदलतो हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच जागा आत दडलेल्या असतात. शिवाय स्पाइकच्या प्रत्येक साखळीवर साखरेचे रेणू चिकटण्याच्या २२ जागा आहेत. तुम्ही निवडलेला तुकडा त्याखाली झाकला जात असेल, तर अँटीबॉडी तिथे पोहोचणार कशी? क्रमाकडेच पाहत बसू नका, त्रिमितीय रचना उघडून बघा.

प्रथिनाच्या आकाराचा अंदाज देणाऱ्या अल्फाफोल्डच्या चित्रात विश्वासांक (शंभरपैकी) ५० च्या खाली असेल, तर त्या आकारावर पुढचं काही उभारू नका. तुकडे जोडून केलेल्या लसीत अंक असा खाली येणं बऱ्याचदा घडतं. टीएलआर-४ या प्रतिकारपेशींवरच्या ग्राहीशी डॉकिंगचा (संगणकावर दोन रेणू जुळवून पाहण्याचा) आकडा चांगला आला म्हणून प्रतिकारशक्ती जागी होते, असंही लिहू नका.

आणि एचएलए, म्हणजे विषाणूचे तुकडे टी-पेशींना दाखवणारी, माणसागणिक वेगळी असणारी प्रथिनं. सवयीने त्यांतला ए०२:०१ हा प्रकार घेतात, तो युरोपात जास्त आढळतो. आपल्याकडे ए११:०१, ए२४:०२, ए३३:०३, ए०२:११ हेही घ्यायलाच हवेत. देशाच्या सरासरीत सातपुड्यातले भिल्ल-पावरा येतीलच असं नाही. व्याप्तीची (किती लोकांना लस लागू पडेल त्याची) टक्केवारी लिहाल तिथेच ती कोणत्या लोकांच्या नमुन्यांवरून काढली तेही लिहा.